बहिणीच्या लग्नाचे रंग कसे जुळवू? मामाची पिवळी, सासरचा हिरवा शालू आणि तिला हवाय पावडर पिंक

टिळकवाडीची ताई

नमस्कार सगळ्यांना. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धरलंय, बेळगावातच. अक्षता दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी आणि संध्याकाळी ७ पासून त्याच कार्यालयात रिसेप्शन. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आई त्यांच्यामागं, म्हणून साड्या, फेटे, स्टेज, फुलं हे सगळं माझ्याकडं आलंय. मला यातलं फार कळत नाही पण चांगलं व्हावं असं मनापासून वाटतंय.

बहीण पुण्याला नोकरीला आहे. तिनं मोबाईलवर फोटो गोळा करून ठेवलेत, सगळे पावडर पिंक, पिस्ता, क्रीम असले. तिला सगळं लग्न त्याच रंगात पाहिजे. आईला फिकट रंग अजिबात पटत नाहीत, लग्नघरात रंग उठून दिसायला पाहिजे म्हणते आणि आजी तिच्याच बाजूनं. मधे मी. दोघींना नाराज करायचं नाहीय.

आता जे बदलता येणार नाही ते सांगते. मामानं पिवळी अष्टपुत्री आणून पण ठेवलीय, लाल काठाची, त्यावर काही बोलायचा प्रश्नच नाही. शालू सासरकडचा, ती माणसं धारवाडची, घरात कन्नड बोलतात पण मराठी छान समजतं त्यांना, त्यांनी बॉटल ग्रीन म्हणून सांगितलंय. हातात हिरवा चुडा असणारच. कार्यालयाच्या भिंती गुलाबी, म्हणजे पीचकडं झुकणारा गुलाबी, स्टेजला मागं मरून वेल्वेटचा पडदा आणि खुर्च्यांना लाल कव्हर. आमच्याकडं करवल्या ६, काकू-मामी-आत्या-मावश्या मिळून १४ जणी, दोन्हीकडचे मिळून फेटे ४५ तरी होतील.

एक चूक माझ्या हातून आधीच झालीय. घरच्या ग्रुपवर एका साडीचा फोटो टाकून मी लिहिलं की करवल्यांनी राणी कलर घ्या. तिघींनी लगेच घेतल्या. एकीची आली जांभळट, एकीची भडक गुलाबी आणि तिसरीची डाळिंबी. तिन्ही एकमेकींशेजारी ठेवल्या तर डोळ्याला त्रास होतोय आणि तिघींनी आपापले पैसे घालून हौसेनं घेतलेल्या, आता त्यांना काय सांगू.

तर मुख्य म्हणजे पिवळा, हिरवा, मरून आणि पावडर पिंक हे एका ठिकाणी बसवायचं कसं, आणि नातेवाईकांना न दुखवता रंग कसा सांगायचा. बस्ता बांधायला पुढच्या महिन्यात शहापूरला जाणार आहोत, दोन्ही घरची माणसं मिळून. त्याच्या आत ठरवायचंय.

निपाणीचा फोटोवाला

ताई, मी लग्नाचे फोटो काढतो, इकडं निपाणी, संकेश्वर, कोल्हापूर आणि बेळगाव पण. तुमची राणीची जी गडबड झाली ती तुमची चूक नाही, ती मोबाईलची आहे. दुकानात पिवळा लाईट असतो, कॅमेरा आपल्या आपण रंग दुरुस्त करायला बघतो, त्यानं एक रंग धरला, मग तो फोटो व्हॉट्सॅपवर गेला आणि तिघींच्या तीन मोबाईलच्या स्क्रीननं तीन रंग दाखवले. फोटोवरून रंग ठरवायचाच नाही. कापडाचा तुकडा हातात पाहिजे. ब्लाऊज पीसमधला चार बोटं तुकडा कापायचा आणि जिला साडी घ्यायचीय तिच्या हातात द्यायचा, पुण्याला असली तर कुरिअर करा, जाईना पैसे.

दुसरं म्हणजे कार्यालयाचा उजेड. याच्यावर कुणीच विचार करत नाही आणि अर्धं लग्न तिथंच बिघडतंय. तुमच्या अक्षता दुपारी साडेबाराला, खिडक्यांतून ऊन येणार, वर पांढऱ्या ट्यूब असणार. बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतंय तो हा पांढरा, थोडा निळसर उजेड. संध्याकाळी मात्र डेकोरेशनवाला स्टेजवर पिवळे फोकस लावतो, ते ३००० केच्या आसपासचे. त्या पिवळ्या उजेडात पांढरा क्रीम दिसतो, पावडर पिंक पीच दिसतो म्हणजे बरोबर तुमच्या भिंतीचा रंग, आणि बॉटल ग्रीन काळपट पडतो. म्हणजे बहीण पावडर पिंक साडी नेसून त्या भिंतीपुढं उभी राहिली तर चेहरा आणि दागिने दिसतील, साडी भिंतीत जाईल.

म्हणून एक दिवस कार्यालयात जा. कापडाचे तुकडे बरोबर न्या, पिवळा, हिरवा, गुलाबी, सगळे. दुपारी साडेबाराला एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा, स्टेजवरच्या खुर्चीवर टाकून बघा, वॉचमनला सांगून ट्यूब लावून बघा. डोळ्यानं बघा, मोबाईलमधून नको.

आणि अजून एक, हे फार कळकळीनं सांगतोय. अक्षतेच्या वेळी स्टेजवर निळे-जांभळे लाईट लावू देऊ नका. पिवळं कापड निळा उजेड पिऊन टाकतं, परत पाठवत नाही, त्यामुळं निळ्या लाईटमध्ये हळदीची पिवळी साडी काळपट मातकट दिसते. मी असं एक लग्न केलंय, मुलगी मामाच्या साडीत इतकी गोड दिसत होती आणि फोटोत ती साडी शेणकुटाच्या रंगाची आली. सहाशे फोटो बसून एकेक दुरुस्त केले तरी तो पिवळा परत आला नाही. तिच्या मामाला मी अल्बम दाखवताना मला बघवेना. डेकोरेशनवाल्याला आधीच सांगा, अक्षता ते सप्तपदी फक्त पांढरा उजेड, सगळे फोकस एकाच जातीचे. रंगीत लाईट रिसेप्शनला काय लावायचे ते लावा.

वडगावची सूनबाई

ताई आमच्या घरी माग आहेत, सासऱ्यांच्या आधीपासून, आता पॉवरलूम. तुमचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आधी राणीचं सांगते. राणी म्हणजे एक रंग नाही ओ. रंगाऱ्याच्या शेड कार्डावर राणीच्या जवळचे पाच-सहा नंबर असतात, गुलबक्षी वेगळा, डाळिंबी वेगळा, कुसुंबी वेगळा, मजेंटा वेगळा, आणि दुकानात सगळ्यालाच राणी म्हणून विकतात. रामा आणि मोरपंखीचं पण तसंच, चिंतामणी तर प्रत्येक दुकानात वेगळा. तुम्ही रंग नावानं सांगू नका, तुकड्यानं सांगा नाहीतर शेड नंबरानं सांगा. आणि नंबर तोच असला तरी दोन वेळेला रंगवलेलं सूत एकसारखं येत नाही, पाण्यानं फरक पडतो, भट्टी किती तापली त्यानं पडतो. म्हणून एका रंगाचं जे पाहिजे ते एकाच लॉटचं घ्यायचं, दोन जास्तच घ्यायचे, नंतर कमी पडलं म्हणून गेलात तर तो रंग मिळणार नाही.

आता खरी गोष्ट. तुमच्या बहिणीला फिकट पाहिजे आणि आईला गडद पाहिजे, हे भांडण मागावर सुटतं. साडीत उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. ताणा एकदा बीमवर, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर, चढला की त्याच्यावर बऱ्याच साड्या निघतात आणि बाणा मात्र धोट्यातली कांडी, म्हणजे आडव्या सुताची नळी, बदलली की बदलतो. दोन्ही वेगळ्या रंगाचे असले की तिसराच रंग दिसतो, हलवली की चमकतो, त्यालाच धूपछाव म्हणतात. तर बीम जर मोतिया रंगाचा चढवला आणि बाण्याला तुमच्या आईचा राणी घातला तर साडी निघते ती भडक राणी नाही, मऊ गुलाबी निघते, पण जिवंत गुलाबी, पावडर लावल्यासारखा मेलेला नाही. त्याच बीमवर बॉटल ग्रीन बाणा घातला तर पिस्त्याकडं जातो. हळदी बाणा घातला तर लोण्यासारखा. सगळ्यांच्या अंगात तोच मोतिया असल्यामुळं सहा साड्या सहा रंगाच्या असल्या तरी बहिणी बहिणी वाटतात. काठ गडद राणी घ्या, त्यात जरीचे धागे, म्हणजे आईचा जीव पण रमेल. काठावरून पण तोच बाणा जातो म्हणून काठ प्रत्येक साडीत थोडा वेगळा दिसणार हे आधीच सांगून ठेवते, मागून वाईट वाटायला नको.

एक मात्र करू नका. कुणीतरी सांगेल की ताणा हळदी घ्या, लग्नाचा रंग आहे. हळदी ताण्यावर राणी बाणा सुंदर येतो, कुंकवासारखा तांबूस, हिरवा पण चांगला येतो मेहंदीसारखा, पण जांभळा घातला की तो मातीसारखा होतो. आमच्या दाराशी असल्या दोन साड्या वर्षभर पडून होत्या.

सांगायचं असेल तर गणपतीच्या आधी सांगा कुठल्याही मागवाल्याला, शहापूर, खासबाग, वडगाव, सुळेभावी कुठंही. नंतर दसरा-दिवाळीचा माल चालू झाला की कुणी लहान ऑर्डर घेत नाही. आणि आधी हातभर नमुना विणून मागा, तो नमुना घेऊन त्या फोटोवाल्या दादांनी सांगितलं तसं कार्यालयात जा.

खानापूरची मावशी

बाळ, मी दोन मुलींची लग्नं केली, त्यामुळं थोडं सांगते, मोठं होईल, वाच.

१४ जणींना नव्या साड्या घ्यायला लावू नकोस. प्रत्येकीच्या कपाटात एक तरी इरकल असतेच आपल्या भागात, नसली तर सासूची असते. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची ती साडी, अंगाचा रंग काही असो, हिरवा, निळा, काळपट जांभळा, पदर मात्र लाल आणि त्यावर पांढरी नक्षी, टोप तेनी म्हणतात ती. तू फक्त इतकंच सांग, सगळ्या काकू-मामी-आत्यांनी अक्षतेला इरकल नेसायची, रंग तुमच्या आवडीचा. चौदा जणी एका ओळीत उभ्या राहिल्या की चौदा रंग दिसणार नाहीत, चौदा लाल पदर दिसतील. तुझ्या मामाच्या पिवळीचा काठ लाल, कार्यालयाच्या खुर्च्या लाल, पडदा मरून, सगळं आपोआप जुळतंय बघ. एकीचाही एक पैसा खर्च नाही आणि आजीला तर किती बरं वाटेल. फक्त पूर्ण काळी चंद्रकळा कुणी नेसू नका एवढं सांग, ती संक्रांतीला शोभते.

माझ्या थोरलीच्या लग्नात फेट्यांनी मला रडवलं. तीस फेटे सांगितले होते, आदल्या दिवशी पाहुणे वाढले म्हणून अजून बारा आणले दुसऱ्या दुकानातून, केशरी म्हणजे केशरी समजून. मांडवात बसल्यावर दिसलं, बारा जण वेगळेच, जणू ते दुसऱ्या लग्नाला आलेत. त्यात माझे दोन सख्खे दीर. त्यांना वाटलं मुद्दाम वेगळं केलं, आज आठ वर्षं झाली तरी एखाद्या कार्यात तो विषय निघतो. आणि वरून त्या बारा फेट्यांचा रंग घामानं सुटला, पांढऱ्या सदऱ्यांच्या कॉलरवर केशरी ओघळ. म्हणून फेटा घेताना ओला पांढरा रुमाल कापडावर जोरात घासून बघ, रंग लागला तर घ्यायचा नाही. आणि दोन्हीकडच्यांना एकच रंग ठेव. आमचे-तुमचे वेगळे फेटे केले की कोण वरचढ ते लोक मोजत बसतात.

बहिणीला पावडर पिंक हवाय ना, मग तो तिच्या अंगावर संध्याकाळी येऊ दे, दुपार आईची आणि मामाची. तिला हे समजावून तूच सांग, आईनं सांगितलं तर भांडण होईल.

मांडववाला, चिकोडी

नमस्कार. मावशींनी साड्यांचं बरोबर सांगितलंय, मी स्टेजचं सांगतो.

तुम्ही चार रंग सारखे सारखे घालायला बघालाय, तिथं गोंधळ होतोय. आमच्यात जुने लोक हिशोब सांगायचे, बारा आण्याचा एक रंग, तीन आण्याचा दुसरा आणि एक आण्याचा तिसरा. तुमच्या कार्यालयात बारा आणे तर आधीच ठरलेत, गुलाबी भिंत. त्याच्याशी लढायचं नाही. दुपारी मरून पडद्यावर क्रीम कापडाच्या उभ्या झालरी सोडा, अर्धा झाका, अर्धा मरून दिसू दे. म्हणजे पिवळी साडी क्रीम आणि मरूनवर उठून दिसते. फुलं पिवळा झेंडू आणि पांढरी शेवंती. डिसेंबरमध्ये दोन्ही भरपूर मिळतात आणि सकाळी लावलेली संध्याकाळपर्यंत मान टाकत नाहीत, गारवा असतो. केशरी झेंडू स्टेजवर घेऊ नका, गुलाबी भिंतीवर केशरी फार ओरडतो, तो बाहेर गेटला लावा. हिरवा रंग वेगळा आणायचाच नाही, आंब्याची तोरणं आणि गेटला केळीचे खुंट असतातच, त्यात आला. वास पाहिजे तर स्टेजच्या दोन बाजूंना निशिगंध.

संध्याकाळी बहीण गुलाबीत येणार तर क्रीम झालरी काढायच्या आणि मागं बॉटल ग्रीन कापड किंवा पानांची भिंत करायची. हिरव्यावर गुलाबी जेवढा दिसतो तेवढा कशावर दिसत नाही, कमळ पाण्यात बघा. मधे साडेतीन-चार तास मिळतात ना, दोन माणसं असली तर दोन तासांत बदलून होतंय, पण हे ठरवतानाच बोलून घ्या, नाहीतर त्या दिवशी डेकोरेशनवाला वेगळे पैसे सांगतो आणि घरची माणसं जेवणाच्या पंगतीत अडकलेली असतात. गुलाबाची फुलं फार घालू नका, महाग आणि लवकर वाळतात, जरबेरा घ्या.

खुर्च्यांची लाल कव्हरं तशीच राहू देत. लोक बसले की कव्हर दिसत नाही. तिथले पैसे वाचवून उजेडात घाला.

अनगोळकर

मला फक्त नातेवाईकांबद्दल बोलायचंय. माझ्या आत्याकडं तेव्हा पैशाची खूप ओढाताण होती आणि एका लग्नात सगळ्यांनी ठराविक रंगाची पैठणी घ्यायची असं ठरलं, ग्रुपवरच. तिनं भिशीचे पैसे काढले. कुणाला बोलली नाही. मला पण दोन वर्षांनी कळलं. म्हणून माझी हात जोडून विनंती, ग्रुपवर रंग सांगूच नका. तुम्ही मानपानाच्या साड्या देणारच असाल ना काकू-आत्यांना? मग त्या लग्नाच्या दिवशी आहेरात देण्याऐवजी महिनाभर आधी घरी जाऊन द्या, हळद-कुंकू लावून, आणि म्हणा हीच नेसून या. रंग तुमच्या मनासारखा आणि त्यांना मान मिळाला. ब्लाऊज शिवायला पण वेळ मिळतो. मावशींची इरकलची कल्पना तर त्याहून चांगली, ज्यांच्याकडं नसेल त्यांनाच द्या.

आणि त्या तीन करवल्यांच्या साड्या परत करायला लावू नका. एक हळदीला, एक साखरपुड्याला, एक मेहंदीला नेसू देत, वेगवेगळ्या दिवशी. शेजारी शेजारी आल्या नाहीत की प्रश्नच नाही.

टिळकवाडीची ताई

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंय, मी आईला वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ-दहा दिवसांत बरंच झालंय म्हणून लिहितेय.

कार्यालयात दोनदा जाऊन आले. दुपारी मामाची पिवळी स्टेजवरच्या खुर्चीवर घडी उघडून टाकली आणि मला वाटलं होतं त्याच्या उलट झालं, तो मरून पडदा मला इतका नकोसा वाटत होता पण पिवळा त्याच्यापुढं असा उजळला की वॉचमन काका स्वतःहून म्हणाले, बाई, हे छान दिसतंय. संध्याकाळी पावडर पिंकचा तुकडा नेला. फोकस लावल्यावर तो तुकडा भिंतीला धरला आणि खरंच दिसेना, कडा कुठं संपते ते हातानं चाचपून कळत होतं. मी तिथूनच बहिणीला व्हिडिओ कॉल केला नाही (फोटोवाल्या दादांचं आठवलं), ती शनिवारी आली तेव्हा तिलाच घेऊन गेले. तिनं तो तुकडा भिंतीला लावला, मग तिथं ठेवलेल्या केळीच्या पानावर ठेवला. दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, संध्याकाळी हिरव्यावर. मला समजावून सांगावंच लागलं नाही.

दुसरं, बहिणीच्या सासूबाईंना मी फोन केला, घाबरतच, त्यांना वाटायला नको की शालूत लुडबुड करते. त्या इतक्या प्रेमानं बोलल्या. म्हणाल्या, हिरवा तुम्ही म्हणाल तो घेऊ, काळा पडणारा नको, मुलीला खुलला पाहिजे. त्यांनी अजून एक सुचवलं, त्यांच्याकडं गुळेदगुड्डचे खण आहेत ओटीसाठी आणलेले, बरेच आहेत, स्टेजच्या पुढच्या कडेला त्यांची पट्टी लावूया का. मी लगेच हो म्हटलं. धारवाडची माणसं आणि बेळगावची माणसं, दोघांच्याही आज्या खणाची चोळी घालायच्या, यात कुणाचं कमी-जास्त नाही.

काकू-आत्यांना इरकल सांगितलीय. दोघींकडं नव्हती, त्या आम्ही देतोय, घरी जाऊन. थोरल्या काकूंनी तर त्यांच्या सासूची पन्नास वर्षांची इरकल काढून उन्हात घातलीय, अंग थोडं विरलंय पण पदर अजून लालभडक.

फेटे दोन्हीकडं एकच रंग, गडद गुलबक्षी. ४५ लागतील तर ५० घेतोय, एका फेट्याला नऊ मीटर धरलं तर साडेचारशे मीटर कापड, एकाच लॉटचं. रुमाल घासून बघितला, पहिल्या दुकानात रंग लागला, दुसऱ्यात नाही लागला.

आता दोनच शंका राहिल्यात. एक म्हणजे पत्रिका. बहिणीला पत्रिका पण गुलाबी हवी, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला कन्नड छापायचंय. आणि नवरदेवाला क्रीम शेरवानी घेऊ की धोतर-उपरणं, क्रीम झालरींपुढं तो पण भिंतीत जाईल का?

निपाणीचा फोटोवाला

जाईल. क्रीमवर क्रीम नको. दुपारी धोतर पांढरं-जरीकाठी असू दे पण खांद्यावर शेला मरून किंवा फेट्याच्या गुलबक्षीतला घ्या, छातीवर रंग आला की माणूस सुटा दिसतो. डोक्यावर फेटा गडद आहे, त्यामुळं चेहऱ्याला अडचण नाही. आणि अंतरपाट पांढरा असतो तो तसाच स्वच्छ पांढरा ठेवा, अंतरपाट बाजूला झाला आणि पिवळी साडी दिसली तो फोटो मला स्वतःला फार आवडतो.

संध्याकाळी हिरव्या पानांपुढं क्रीम शेरवानी झकास, तेव्हा घाला.

अनगोळकर

पत्रिकेचं, आमचा छपाईचा धंदा आहे म्हणून सांगतो. गुलाबी कागदावर चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं की हळद दिसत नाही आणि कुंकू डाग पडल्यासारखं दिसतं. कागद मोतिया किंवा हळदुला घ्या, गुलाबी शाईत फक्त नक्षी आणि कडा. अक्षरं गडद मरून. सोनेरी अक्षरं मोठ्या नावांपुरतीच, कन्नडची गोल वळणं आणि मराठीतली जोडाक्षरं बारीक सोनेरीत भरून जातात, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. स्क्रीनवर मंजूर करू नका, एक प्रत छापून बघा, स्क्रीनवरचा गुलाबी कागदावर थोडा मळका येतोच. आणि दोन्ही भाषांतली नावं दोन्ही घरच्या माणसांकडून तपासून घ्या, कन्नडची त्यांच्याकडून.

वडगावची सूनबाई

ताई, तुमच्या करवल्यांच्या सहा साड्यांचा मोतिया बीम बुधवारी चढतोय. राणीचा आणि हिरव्याचा नमुना शुक्रवारपर्यंत निघेल. बहीण त्या आठवड्यात बेळगावात असेल तर तिला आणि आईंना दोघींना घेऊन या, सकाळी दहा-अकराला या, तेव्हा दारातून ऊन मागावर पडतं. कांड्या मी भरून ठेवते पाच-सहा रंगांच्या, ताण्यावर नुसती आडवी धरली तरी अंदाज येतो. आईंना जो हिरवा आवडेल तो तिथंच सांगा, मी चार बोटं विणून दाखवते आणि तो तुकडा कापून तुम्हाला देते, सासूबाईंना दाखवायला.

टिळकवाडीची ताई

येतो शुक्रवारी. आई म्हणतेय बाबांना पण आणूया, त्यांना चालायला सांगितलंच आहे डॉक्टरांनी. सासूबाईंना पण विचारते, बस्त्याच्या आधी त्यांनी एकदा बघितलं तर शालूचा हिरवा तिथंच ठरून जाईल.